धमनी ‘साफ’ करण्याविषयी पुन्हा एकदा

धमन्या धुऊन काढण्याविषयीची पत्रं थांबत नाहीत, म्हणून या वेळचे बहुतेक प्रश्न त्याच विषयाचे.

प्रश्न : धमनी आणि शीर सूक्ष्मदर्शकाखाली वेगळ्या दिसतात का?

हो. दोघींच्याही भिंतीला तीन थर असतात, पण धमनीचा मधला, स्नायूंचा थर जाड असतो, शिरेचा पातळ.

प्रश्न : केशवाहिन्यांनाही तीन थर असतात का?

नाही. पेशींचा एकच थर आणि त्याला लागून पातळ पापुद्रा.

प्रश्न : चिलेशनची, म्हणजे कॅल्शियमसारखे धातू बांधून शरीराबाहेर काढणाऱ्या औषधाची, सलाइन घेतली की ब्लॉकेज विरघळतं, बायपास टळते, अशी जाहिरात वाचली. वडिलांना द्यावी का?

देऊ नका. धमनी म्हणजे नळ आणि कोलेस्टेरॉल म्हणजे त्यातला गाळ, ही समजूत आधी सोडा. धमनीचा आडवा छेद काचपट्टीवर पाहिला, तर रक्ताच्या बाजूला एकाच पेशीच्या जाडीचं अस्तर दिसतं. बाहेरच्या अंगाला लवचिक तंतूंची नागमोडी रेघ, मग स्नायुपेशी, शेवटी कोलॅजनचं वेष्टण. चरबी साठते ती अस्तराखाली, भिंतीच्या आत! कोलेस्टेरॉलचे कण तिथे शिरतात, भक्षक पेशी ते गिळून फुगतात, मधल्या थरातल्या स्नायुपेशी आत सरकून त्यावर तंतूंचं आवरण तयार करतात. पुढे कॅल्शियमही जमतं. रक्तात सोडलेलं द्रव्य हे सगळं धुऊन कसं नेणार? उलट त्याने रक्तातलं कॅल्शियम धोकादायकरीत्या उतरू शकतं, मूत्रपिंडांना इजा होऊ शकते.

खरी भीती ते आवरण फाटण्याची. आतला ऐवज रक्ताच्या संपर्कात आला की गुठळी धरते, आणि धमनी फारशी अरुंद नसतानाही हे घडतं. स्टॅटिन गटातली, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी, औषधं चरबीचा गाभा कमी करतात, आवरण बळकट करतात. पण त्याला महिने, वर्षं लागतात. नेमक्या त्याच काळात जाहिरातीच्या भरवशावर गोळ्या बंद केल्या जातात, याचा मला संताप येतो. वडिलांची एकही गोळी त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय थांबवू नका.

प्रश्न : वय 38. वडिलांना पंचेचाळिशीत हार्ट ॲटॅक आला होता. मला काहीच त्रास नाही. तपासण्या पन्नाशीनंतर केल्या तर चालेल, असं घरचे म्हणतात.

चालणार नाही. अस्तराखाली चरबीच्या रेघा किशोरवयातही सापडतात आणि त्या दुखत नाहीत. रक्तदाब, साखर, लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) याच आठवड्यात करा आणि वडिलांचा इतिहास डॉक्टरांना सांगा.

प्रश्न : ईसीजी नॉर्मल आहे. म्हणजे धमन्या चांगल्या ना?

तसं म्हणता येत नाही. ईसीजीत हृदयाच्या विद्युत लहरी दिसतात, धमनीची भिंत नाही. छातीवर दाब येऊन घाम फुटला, तर जुना रिपोर्ट शोधत बसू नका, रुग्णवाहिका बोलवा.