सांगलीत घर आहे. सागवानी कपाटांना पांढरा रंग दिला, दोन हात झाले तरी पिवळे डाग वर येतात. तिसरा हात द्यावा का?

तिसरा हात देऊ नका; आधी चपड्याचा (लाखेचा) हात देऊन डाग खालीच कोंडा, मग पांढरा मारा. सागासारख्या लाकडात टॅनिन नावाचं रंग सोडणारं द्रव्य असतं आणि ते पाण्यात विरघळतं. पाण्यात कालवलेला प्रायमर वा रंग ओला असताना तेच वर खेचतो, म्हणून गाठीपाशी आणि सांध्यापाशी चहा सांडल्यासारखा डाग उमटतो. चपडा विरघळतो स्पिरिटमध्ये, पाण्यात नाही; सगळी गंमत त्यातच आहे. तयार शेलॅक (म्हणजे चपड्याचाच) प्रायमर मिळाला तर उत्तम. नाहीतर मेण काढलेला चपडा मागा, कारण साध्या चपड्यातल्या मेणावर रंगाची पकड नीट बसत नाही. आताचा रंग १८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, धूळ झाडा, स्वयंपाकघरातली कपाटं असतील तर तेलकटपणाही धुऊन काढा आणि पूर्ण वाळल्यावर चपड्याचे दोन पातळ हात द्या, डागावर एक जास्तीचा. गॅस बंद, खिडक्या उघड्या. स्पिरिट पटकन पेट घेतं. आधी एकाच दारावर करून एक-दोन दिवस बघा.

मात्र लाकूड ओलं असेल तर हे चालणार नाही. २०१९ किंवा २०२१ च्या कृष्णेच्या पुरात कपाटं भिजली असतील, किंवा मागची भिंत ओल धरत असेल, तर आधी त्या ओलीचा बंदोबस्त करा. आणि भर पावसाळ्यात हे काम काढू नका, दमट हवेत चपडा पांढरट पडतो. दिवाळीच्या आधीची कोरडी हवा बरी.