प्रेमानं सांगितलं तर ऐकत नाहीत, रागावलं तर रुसतात

वॉर्डाच्या इनचार्ज, वसतिगृहाच्या रेक्टर, नाशिकच्या अंबड-सातपूरमधल्या कारखान्यांतले शिफ्ट सुपरवायझर, आशाताईंच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक. कामं वेगवेगळी, पण समुपदेशनाला आल्यावर यांची तक्रार एकच असते. ‘मायेनं वागलं तर डोक्यावर बसतात, कडक झालं तर म्हणतात खुर्ची मिळाली आणि बदलली.’ ज्यांचं कामच माणसांची काळजी घेण्याचं आहे, त्यांना हा पेच जास्त छळतो. रागावणं म्हणजे आपल्याच स्वभावाशी बेइमानी, असं त्यांना वाटतं. त्यातलीच ही एक केस. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

ताई मुंबई नाक्याच्या बाजूला एका खासगी रुग्णालयात तीस खाटांच्या मेडिकल वॉर्डच्या इनचार्ज. त्याआधी कित्येक वर्षं त्या याच वॉर्डात स्टाफ सिस्टर होत्या. ज्यांच्याबरोबर डबे खाल्ले, नाइट काढल्या, त्यांच्याच ड्युट्या लावायची वेळ आता त्यांच्यावर आली होती. बढतीनंतर सहा महिन्यांत झोप उडाली, ॲसिडिटी सुरू झाली, घरी मुलावर ओरडणं वाढलं. त्यांचं म्हणणं असं: ‘माझ्या हाताखालच्या मुली घर सोडून राहतात. कुणी सुरगाण्याची, कुणी चाळीसगावची. सिडकोत चौघी मिळून खोली घेतात. त्यांना मी कशी रागावू?’

त्यांना आठवडाभर एकच नोंद ठेवायला सांगितली. दुसऱ्याचं काम आपण केलं की लिहायचं, आणि कुणावर आवाज चढला की तेही लिहायचं. तारीख, वेळ, काम कुणाचं होतं, बस. कारणं लिहायची नाहीत. कारणं लिहायला लागलं की माणूस स्वतःची वकिली करतो.

वही भरून आली. ड्युटी पाचला संपते, पण ताई साडेआठपर्यंत वॉर्डात. बहुतेक नोंदी संध्याकाळच्या ओव्हरच्या, म्हणजे पुढच्या पाळीला वॉर्ड सोपवण्याच्या, वेळच्या: कुणाचा टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्ट पूर्ण केला, कुणाचा इनटेक-आउटपुटचा, म्हणजे पेशंटच्या शरीरात गेलेल्या आणि बाहेर पडलेल्या पाण्याचा, हिशेब जुळवला. आणि एक नोंद अशी होती की सगळी दिशाच तिथून ठरली. बारा नंबरच्या पेशंटला संध्याकाळच्या सिस्टरनं पावणेआठला इन्सुलिन दिलं, पण ड्रग चार्टवर सही केली नाही. आठला नाइटची सिस्टर आली, तिला चौकट रिकामी दिसली, ती डोस काढायला लागली. पेशंटची सून म्हणाली, ‘अहो, आत्ताच तर दिलं ना!’ म्हणून थांबलं. दुसरा डोस गेला असता तर रात्रीतून साखर उतरली असती, आणि झोपलेल्या पेशंटचा घाम आणि बरळणं चटकन लक्षातही येत नाही. ताईंनी काय केलं? त्या सिस्टरला फोन लावून खात्री केली आणि तिच्या नावापुढे स्वतः सही ठोकली. ‘बिचारी दमून घरी गेली होती.’

ही सही नीट पाहण्यासारखी आहे. करताना हेतू मायेचा होता. पण ज्यानं औषध दिलं त्यानंच सही करायची, हा नियम पेशंटच्या जिवासाठी आहे. ताईंनी चूक झाकली, त्यामुळे त्या मुलीला चुकीचं गांभीर्य कळलंच नाही, नाइटच्या सिस्टरला वाटलं की इथे असंच चालतं, आणि चार दिवसांनी तीच गोष्ट पुन्हा घडल्यावर ताई भर वॉर्डात, नातेवाइकांसमोर, तिच्यावर बरसल्या. मग ती मुलगी रडली, ताई घरी जाऊन रडल्या, आणि दुसऱ्या दिवशी भरपाई म्हणून तिला रविवारचा ऑफ दिला. तो ऑफ दुसरीचा होता.

व्यवहार-विश्लेषण (ट्रान्झॅक्शनल ॲनालिसिस) या मानसोपचाराच्या परंपरेतले स्टीफन कार्पमन यांनी 1968 मध्ये एक त्रिकोण मांडला: तारणारा, छळणारा आणि पीडित. या भूमिकांमध्ये माणूस स्थिर राहत नाही, एकीतून दुसरीत घसरतो. तारणारा न मागता मदत करतो, समोरच्याचं काम त्याच्या हातून काढून घेतो, थकतो, मग छळणारा होतो, आणि शेवटी ‘एवढं करूनही मलाच बोलतात’ म्हणत पीडित. ताईंच्या वहीत हा फेरा एका आठवड्यात पुरा झालेला दिसत होता. म्हणजे त्या ‘फार मायाळू’ही नव्हत्या आणि ‘फार कडक’ही नव्हत्या. पहिले चार दिवस अधिकार वापरायचा राहिला आणि पाचव्या दिवशी माया राहिली.

ओहायो स्टेट विद्यापीठात 1940-50च्या दशकांत नेतृत्वाचे जे अभ्यास झाले, त्यांत माणसांची कदर आणि कामाची चौकट या दोन वेगळ्या बाबी म्हणून मोजल्या गेल्या. एक वाढली की दुसरी कमी होते असं नाही. ताईंच्या मनात मात्र दोन्ही एकाच तराजूत होत्या, म्हणून सूचना द्यायची म्हटली की आपण कुणाचं तरी मन तोडतोय असं त्यांना वाटे. त्यामागची समजूत विवेकनिष्ठ उपचारपद्धतीच्या, म्हणजे अविवेकी समजुती तपासून बदलायच्या पद्धतीच्या, भाषेत अशी निघाली: ‘माझ्या मुलींना मी आवडलेच पाहिजे, नाही आवडले तर मी वाईट इनचार्ज.’ अल्बर्ट एलिस यांनी 1955 पासून मांडलेल्या या पद्धतीत अशा ‘च’वर काम करतात. ताईंनी बदललेलं वाक्य त्यांच्याच शब्दांत: ‘त्यांना मी आवडावे असं मला खूप वाटतं. एखादी आठ दिवस फुगून बसली तर मला त्रास होईल, पण मी तो सोसू शकते. इन्सुलिन दोनदा गेलेलं मात्र सोसू शकत नाही.’

मग वॉर्डातल्या गोष्टींची वाटणी केली. पेशंटच्या जिवाशी संबंधित बाबी, म्हणजे औषधाची सही, डोस, सलाइनच्या जागेची तपासणी, ओव्हर खाटेपाशी जाऊन देणं, यांत घासाघीस नाही. ताईंचं कुणाशी किती जमतं याचा तिथे संबंधच नाही. सुट्ट्या आणि ड्युट्या यांत नियम असतो आणि अपवादही असतो, पण अपवाद सगळ्यांना दिसेल असा. आणि घरच्या गोष्टी, म्हणजे नवरा, सासर, उसने पैसे, यांत ऐकायचं, पण निर्णय द्यायचा नाही आणि पैसे तर नाहीच. ताईंनी दोघींना पैसे दिले होते. ज्यांना दिले त्यांना ड्युटीबद्दल टोकताना जीभ अडखळते, हे त्यांनी स्वतःच सांगितलं.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो बोलण्याच्या सरावावर. पहिल्या सरावात ताई म्हणाल्या, ‘अगं, तू किती छान करतेस, पेशंटसुद्धा नाव काढतात, फक्त जरा सह्यांचं बघ ना, बाकी काही नाही, तू छानच आहेस.’ कौतुकाच्या दोन पोळ्यांत गुंडाळलेली सूचना समोरचा कौतुक म्हणूनच खातो. दुसऱ्या सरावात म्हणाल्या, ‘मेट्रन मॅडम चिडल्यात गं, माझं काही नाही.’ यात वाईटपणा वरच्यावर ढकलला जातो आणि पुढच्या वेळी मुली ताईंना विचारतसुद्धा नाहीत. खूप खोडाखोड करून जे ठरलं ते असं. ड्रेसिंग रूममध्ये, दार लावून, दहा मिनिटांच्या आत, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी. एका वेळी एकच घटना. व्हॉट्सॲप ग्रुपवर नाही, नाइट करून निघालेल्या मुलीशी सकाळी आठला नाही.

ताईंची सुरुवात अशी: ‘काल आठला बारा नंबरच्या इन्सुलिनची चौकट रिकामी होती. डोस दिलेला होता. नाइटची सिस्टर दुसरा काढत होती. काय झालं होतं?’

आणि इथे गप्प राहायचं. ताईंना हे सर्वांत जड गेलं. शांतता झाली की त्या स्वतःच उत्तर देऊन टाकत: ‘घाई असेल ना?’ प्रत्यक्षात त्या थांबल्या तेव्हा मुलगी म्हणाली, ‘ताई, साडेसातला दोन ॲडमिशन एकदम आली. म्हटलं सगळ्या सह्या शेवटी एकदम करू.’

‘दोन ॲडमिशन एकदम आली की तारांबळ उडतेच. तरी डोस दिला की सही तिथंच, खाटेपाशी. एकगठ्ठा सह्या चालणार नाहीत. चार्ट औषधाच्या ट्रॉलीवरच ठेव. आणि संध्याकाळी अशी गर्दी झाली तर शेजारच्या वॉर्डातून एक जण मिळेल, सुपरवायझरशी मी बोलून ठेवते. शुक्रवारी आपण दोघी चार्ट बघू.’

माया ‘तारांबळ उडतेच’ या वाक्यात आहे आणि शेजारच्या वॉर्डातल्या माणसात आहे. नियमात ती नाही. शुक्रवार मात्र पाळावा लागतो. तो चुकला की पुढचं काहीच कुणी मनावर घेत नाही.

सुट्ट्यांचं घोडं आखाजीला अडलं. वॉर्डातल्या चौघी खानदेशातल्या, सगळ्यांना अक्षय्य तृतीयेला माहेरी जायचं. त्याच्या थोडं आधी सप्तशृंगी गडाची चैत्र यात्रा, तिथे पायी जाणाऱ्या दोघी. आजवर जी आधी येऊन रडेल तिला सुट्टी मिळत असे. आता अदलाबदलीचं रजिस्टर केलं. सणाच्या सुट्टीसाठी महिनाभर आधी नाव, गेल्या वर्षी कुणाला मिळाली त्याची नोंद बाजूला, आणि बदली माणूस स्वतः शोधून दोघींच्या सह्या. अडीअडचणीची, म्हणजे घरात कुणी ॲडमिट असल्याची, सुट्टी ताईंच्या अधिकारात, पण तीही रजिस्टरात लिहायची. जिच्याशी सर्वांत जुनी मैत्री, तिचंच नाव यंदा मागे गेलं. ती तीन आठवडे बोलली नाही. ताईंनी तिला एकदाच सांगितलं, ‘तुला वाईट वाटलंय हे मला दिसतंय. यंदा पाळी तिची आहे,’ आणि मनधरणी केली नाही.

पुढच्या दोन महिन्यांत ताई घाबरून आल्या. वॉर्डात चुका वाढल्या होत्या! विचारल्यावर कळलं, नोंदवलेल्या चुका वाढल्या होत्या. मुली स्वतःहून सांगायला लागल्या होत्या: अँटिबायोटिक अर्धा तास उशिरा गेलं, सलाइनची जागा सुजली होती. अमेरिकी संशोधक एमी एडमंडसन यांच्या 1996 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नेमकं हेच आढळलं होतं. रुग्णालयांच्या ज्या युनिट्समध्ये इनचार्जशी मोकळेपणानं बोलता येत होतं, तिथे औषधांच्या चुकांची नोंद जास्त होती, कारण तिथे चुका लपवल्या जात नव्हत्या. ताईंना आता एवढंच करायचं होतं: सांगणाऱ्या मुलीला आधी ‘सांगितलंस ते बरं केलंस’ म्हणायचं, मग पेशंटकडे जायचं, मग नोंद. मात्र न दिलेल्या औषधाची जाणूनबुजून सही केली असेल तर तिथे समजावणं नाही. त्याच दिवशी मेट्रनकडे लेखी द्यायचं, आणि त्या मुलीलाही आधी तोंडावर सांगायचं की मी हे लिहून देते आहे.

इतर कामांत हीच वाटणी वेगळ्या जागी पडते, म्हणून ती प्रत्येकानं आपल्या कामाची करावी. पेठ-सुरगाण्यातल्या गटप्रवर्तकेचं उदाहरण घ्या. दवाखान्यात बाळंतपण झालेल्या घरी आशाताईंच्या भेटी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी ठरलेल्या असतात, आणि घरी बाळंतपण झालं असेल तर पहिल्या दिवशीही. भेटीचा दिवस आणि बाळाचं काट्यावर घेतलेलं वजन यांत सूट नाही, अंदाजे आकडा चालणार नाही. पण पावसात ओहोळ भरला असेल तर भेट सकाळी की दुपारी, एकटीनं की शेजारच्या पाड्यावरच्या आशाताईला सोबत घेऊन, हे तिचं तिला ठरवू द्यावं, आणि जमलं तर त्या दिवशी प्रवर्तकेनं स्वतः बरोबर चालत जावं. वजन मात्र आशाताईनंच करावं आणि तिनंच लिहावं.