स्किटचा शेवट नेहमी का फसतो? स्केच कॉमेडी मुळात आली कुठून?

तुमचा प्रश्न असा आहे की टीव्हीवरची मराठी स्किट्स सुरुवातीला धमाल वाटतात आणि शेवटाला ढेपाळतात, तर हे फक्त आपल्याकडेच होतं का, आणि हा प्रकार आला कुठून?

फक्त आपल्याकडे होतं असं अजिबात नाही. हे दुखणं या प्रकाराला जन्मापासून आहे. मी हौशी गटांसाठी आणि गणेशोत्सवासाठी स्किट्स लिहिते, त्यामुळे हा प्रश्न माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे. नाटकात गोष्ट असते, तिला कुठेतरी पोचायचं असतं. स्किटमध्ये गोष्ट नसतेच, एकच कल्पना असते आणि ती चढवत न्यायची असते. ग्राहक म्हणतो पोपट मेलाय, दुकानदार म्हणतो झोपलाय. हे पाच मिनिटं वाढवत नेता येतं, पण पुढे काय? सोडवायला गाठच नसते. म्हणून मला तर स्केच कॉमेडीचा (स्किटलाच इंग्रजीत स्केच म्हणतात) सगळा इतिहास हा "आता यातून बाहेर कसं पडायचं" याचाच इतिहास वाटतो. तो मला इंग्लंडचा सगळ्यात नीट माहीत आहे, तेव्हा तिथूनच सांगते.

एकोणिसाव्या शतकात तिथे म्युझिक हॉल फोफावले. लोक खातपीत बसायचे आणि समोर गाणी, कसरती, जादू, नकला. १८४३च्या कायद्याने संवादांची नाटकं फक्त नाटकाचा परवाना असलेल्या थिएटरांतच करता यायची. म्युझिक हॉलवाल्यांनी छोटे प्रवेश केले की नाटकवाले कोर्टात खेचायचे. यातून सुटायची एक वाट म्हणजे बोलायचंच नाही. फ्रेड कार्नो नावाच्या माणसाने हीच वाट धरली. मूळचा कसरतपटू, पुढे मोठा कंपनीमालक. लंडनच्या कॅम्बरवेल भागात त्याचा अड्डा होता, तिथेच तालमी चालायच्या, तिथेच सेट बनायचे.

त्याचं १९०४चं 'ममिंग बर्ड्स' हे स्केच बघा. रंगमंचावरच एक छोटा रंगमंच मांडलेला, त्याच्या कडेला प्रेक्षकांचे बॉक्स, म्हणजे उंचावरचे सज्जे. एका बॉक्समध्ये झुलत आलेला श्रीमंत दारुडा, दुसऱ्यात एक व्रात्य मुलगा. मधल्या रंगमंचावर एकामागून एक भिकार कलाकार येतात आणि हे दोघं त्यांचं जिणं हराम करतात. दारुडा सिगार पेटवायला विजेच्या दिव्याकडे झुकतो, सिगार काही पेटत नाही. मुलगा काडी पेटवून पुढे करतो, ती घ्यायला हा आणखी वाकतो आणि बॉक्समधून थेट खाली. चार्ली चॅप्लिन १९०८ मध्ये कार्नोच्या कंपनीत आला आणि हा दारुडा करून नावारूपाला आला. लॉरेल-हार्डी जोडीतला स्टॅन लॉरेलही याच कंपनीतला. अमेरिकेच्या दौऱ्यातूनच चॅप्लिनला सिनेमावाल्यांनी उचललं. आणि स्केचचा शेवट? पहिलवान येतो, दारुडा त्याच्याशी भिडतो, सगळा रंगमंच हातघाईवर येतो, पडदा. दणका उडवून द्या म्हणजे शेवट नाही हे कोणाच्या लक्षात येत नाही. गणपतीच्या स्किटमध्ये शेवटी सगळे जण स्टेजवर येऊन नाचतात ना, तोच हा उपाय.

दिवे विजेवर आले होतेच, त्यामुळे पुढे रेव्ह्यू नावाच्या, गाणी आणि छोट्या प्रवेशांच्या कार्यक्रमांना सोपं शस्त्र मिळालं. शेवटचं वाक्य पडलं की फट्दिशी अंधार. यात फायदाही आहे आणि फासही. सगळा प्रवेश त्या एका वाक्यासाठी लिहिला जातो, ते वाक्य पडलं नाही तर पाच मिनिटं पाण्यात. अमेरिकेत शिकागोला १९५९ मध्ये सेकंड सिटी नावाचं विनोदी थिएटर सुरू झालं. तिथे कलाकार रंगमंचावर आयत्या वेळी प्रवेश घडवत, त्यातले जमलेले पक्के करत. अशा प्रयोगात शेवट कुठे करायचा हे पुष्कळदा दिव्यांवर बसलेला माणूस ठरवतो. हशा टिपेला पोचला की त्याने दिवा घालवायचा. मला ही पद्धत फार आवडते, कारण शेवट लिहिणाऱ्यापेक्षा तो अचूक ऐकणारा माणूस हवा असतो.

आता ज्या माणसासाठी मी खरं तर हे उत्तर लिहायला घेतलं तो. स्पाइक मिलिगन. याचा जन्म १६ एप्रिल १९१८चा, आपल्या अहमदनगरचा, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचा. वडील ब्रिटिश फौजेत, आणि फौजेतल्या करमणुकीच्या कार्यक्रमांत नाचगाणी करणारे. बालपण पुण्यात आणि रंगूनमध्ये गेलं, मग कुटुंब इंग्लंडला गेलं. दुसऱ्या महायुद्धात इटलीत तो तोफखान्यात होता, १९४४ मध्ये जखमी झाला. विनोदाच्या या शाखेचं वळण बदलणारा माणूस आपल्या मातीत जन्मला, आणि आपल्याकडे त्याचं नाव क्वचितच निघतं, याची मला मनापासून हळहळ वाटते.

१९५१ मध्ये बीबीसी रेडिओवर 'द गून शो' हा विनोदी कार्यक्रम सुरू झाला. मिलिगन, पीटर सेलर्स, हॅरी सीकोम्ब आणि सुरुवातीला मायकल बेंटिन. लिखाण बहुतेक मिलिगनचं. दर आठवड्याला नवा भाग लिहिण्याच्या ओझ्याने तो मानसिकदृष्ट्या पार कोलमडला, इस्पितळात राहिला, आणि तरी लिहीत राहिला. रेडिओवर सेटचा खर्च नाही, म्हणून त्याने आवाजांतून जग उभं केलं. कस्टर्डने भरलेला मोजा आपटल्याचा आवाज त्याला हवा होता. बीबीसीच्या कँटीनमधून कस्टर्ड मागवलं, खरोखर मोज्यात भरलं आणि लाकडी फळीवर हाणलं, तरी मनासारखा आवाज आला नाही, असा किस्सा त्याच्याबद्दल सांगतात. विनोदासाठी इतकी मेहनत घेणारा माणूस होता तो.

मग मार्च १९६९ मध्ये बीबीसी टूवर त्याची 'क्यू फाइव्ह' ही मालिका आली. यात त्याने शेवट नावाचं प्रकरणच मोडीत काढलं. प्रवेश रंगात आला की मध्येच सोडून द्यायचा, दुसरं काहीतरी सुरू. कधी सगळे नट भूमिका टाकून उभे राहायचे आणि "आता काय करायचं? आता काय करायचं?" असं पुटपुटत कॅमेऱ्याकडे सरकायचे. लेखकाच्या डोक्यातली अडचण त्याने थेट पडद्यावर मांडली.

हे पाहून हादरली ती सहा तरुणांची टोळी. जॉन क्लीझ, ग्रॅहम चॅपमन, एरिक आयडल, टेरी जोन्स, मायकल पेलिन आणि टेरी गिलियम. ते स्वतःच्या नव्या कार्यक्रमाची जुळवाजुळव करत होते, आणि आपल्याला जे करायचं होतं ते मिलिगनने आधीच केलं असं त्यांना वाटलं, हे टेरी जोन्सने पुढे अनेकदा सांगितलं आहे. त्यांनी दिग्दर्शकही 'क्यू फाइव्ह'चाच घेतला, इयान मॅकनॉटन. ५ ऑक्टोबर १९६९ला 'मॉन्टी पायथन्स फ्लाइंग सर्कस'चा पहिला भाग लागला. मिलिगनने प्रवेश नुसते सोडून दिले होते, यांनी ते एकमेकांत ओवले. गिलियमची कातरकामाची ॲनिमेशन्स एका प्रवेशातून दुसऱ्यात नेऊन सोडतात. शेवटाची जागा सांध्याने घेतली.

त्यांचं मेलेल्या पोपटाचं स्केच तुम्ही पाहिलंच असेल, वर उदाहरण त्याचंच दिलं. त्याचं मूळ पेलिनला भेटलेल्या एका गॅरेजवाल्यात आहे, गाडीत काहीही बिघाड दाखवा, तो मान्यच करायचा नाही. १९६८ मध्ये त्यावर आधी गाडीचंच स्केच झालं, मग गाडी जाऊन पोपट आला. क्लीझ पोपट काउंटरवर आपटतो, त्याच्या कानात ओरडतो, मेला या अर्थाचे जेवढे म्हणून शब्दप्रयोग आहेत ते सगळे एका दमात ऐकवतो. आणि इतक्या गाजलेल्या स्केचचा शेवट काय, तर क्लीझ स्वतःच म्हणतो की हे आता फारच खुळचट व्हायला लागलंय, आणि चॅपमनचा लष्करी कर्नल येऊन प्रवेश बंद पाडतो. बस. ते सोडून देण्याचं धाडसच लोकांना आवडलं.

सगळेच या वाटेने गेले असं नाही. 'द टू रॉनीज' या बीबीसीच्या टीव्ही कार्यक्रमाने १९७१ पासून नेमकं शेवटचं वाक्य असलेली जुन्या वळणाची स्केचेसच केली, आणि लोकांनी डोक्यावर घेतली. त्यातल्या दोन रॉनींपैकी रॉनी बार्कर जेराल्ड वायली या खोट्या नावाने लिहायचा. हे नाव त्याने आधीच्या एका कार्यक्रमापासून घेतलं होतं, म्हणजे सहकारी त्याच्या नावाला न बघता लिखाणाला बघतील. त्याचं हार्डवेअरच्या दुकानातलं १९७६चं स्केच आजही इंग्लंडमध्ये लोकांना पाठ आहे. गंमत म्हणजे त्याचा शेवट बार्करला स्वतःला कधीच पटला नाही.

आपल्याकडे याचं उत्तर तमाशात आधीपासून होतं, असं माझं मत आहे. गवळणीत मावशी, पेंद्या आणि कृष्ण यांची जी झोंबाझोंबी चालते, ते चोख स्केच आहे. बतावणी तर आहेच आहे. पण त्यांना स्वतंत्र शेवट लागत नाही, कारण गणातून गवळण, गवळणीतून बतावणी आणि त्यातून वग अशी पुढची गोष्ट दारात उभी असते. स्पर्धेच्या टीव्ही कार्यक्रमात हे शक्य नाही. तिथे प्रत्येक स्किट सुटं, मग परीक्षक बोलणार, मग जाहिरात. टाळ्या तर हव्यातच, म्हणून शेवटच्या मिनिटात अचानक आईबापांची आठवण येते, संथ संगीत वाजतं आणि समाजाला संदेश दिला जातो. मला हे वळण अजिबात पटत नाही, कारण पहिल्या सात मिनिटांत कमावलेला वेडेपणा त्यात वाया जातो.

स्वतः लिहीत असाल तर एक करून बघा. स्किट पूर्ण लिहा, मग तालमीत शेवटची दोन वाक्यं गाळून करा. सगळ्यात मोठा हशा त्याआधीच येत असेल, तर दिवे तिथेच घालवा.