आमची ७८ ची प्रीमियर पद्मिनी आहे. या जुन्या गाडीचे पार्ट एवढे महाग का झालेत, आणि वडिलांनी साठवून ठेवलेले जास्तीचे पार्ट आता विकून टाकावेत का?

विकण्याचं आधी सांगतो. दिसणारा माल विका, पोटातला विकू नका. ग्रिल, हबकॅप, हेडलाइटच्या रिंगा जास्तीच्या असतील तर आज त्यांना चांगला भाव आहे. पण काचेची मशीन (दाराची काच वर-खाली करणारी), दाराची कुलपं, ब्रेक सिलेंडर, पुढच्या चाकांचा किंगपिन सेट, प्लगला करंट वाटणारा डिस्ट्रिब्युटर, हँडल गिअरच्या (स्टिअरिंगजवळच्या गिअरच्या) दांड्या असलं काही वडिलांनी डब्यात ठेवलं असेल तर ते हलवूच नका, कितीही पैसे येऊ देत. पुन्हा मिळणार नाही.

महाग का झालं, तर "माल संपला" हे उत्तर सगळे देतात आणि ते अर्धंच खरं आहे. गाडी बनायची बंद झाल्यावरही कित्येक वर्षं पद्मिनीचे पार्ट स्वस्तच होते, आणि त्याचं कारण मुंबईची काळी-पिवळी. हजारो टॅक्सी रोज रस्त्यावर म्हणजे गास्केट, क्लचप्लेट, ब्रेकचं किट बनवणाऱ्या छोट्या कारखान्यांना रोजचं गिऱ्हाईक. मग २००८ ला टॅक्सीला २५ वर्षांची मर्यादा आली, २०१३ ला ती २० वर झाली, आणि गाड्या धडाधड भंगारात निघाल्या. तेव्हा कुर्ल्याच्या भंगार बाजारात गेलं की इंजिन, गिअरबॉक्स, दारं नुसती पडलेली असायची, भाव करायचीही गरज नाही. लोकांना वाटलं हे असंच चालणार. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला पासिंग झाली होती, तिची २० वर्षं ऑक्टोबर २०२३ मध्ये भरली आणि विषय संपला. टॅक्सी गेल्यावर कारखानेवाले कशाला बनवतील? कोणी बनवलंच तर छोटा लॉट, मग नगामागे खर्च वाढणारच. एवढी वाढ मला मान्य आहे, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती चालत्या गाड्या सुट्या पार्टसाठी फोडणाऱ्यांबद्दल, आणि आमच्या घरातच एक आहे म्हणून एवढं लिहितोय.

कराडला एका रिटायर्ड सरांकडे ८४ ची पद्मिनी होती, क्रीम कलर, हँडल गिअर, अर्ध्या सेल्फला चालू व्हायची. सरांनी ऑइल कधी बदललं, प्लग कधी साफ केले हे सगळं डॅशबोर्डातल्या वहीत तारखेनिशी लिहिलेलं. मी त्यांच्याशी बोलून ठेवलं होतं की दिवाळीनंतर घेतो, ते पण खूश होते की गाडी चालवणाऱ्याच्या घरी जातेय. माझ्या चुलतभावाला हे कळलं, तो दुसऱ्या आठवड्यात रोख पैसे घेऊन सरांकडे गेला आणि "घरातच जातेय हो सर" म्हणून गाडी घेऊन आला. मला कळलं तेव्हा गाडी त्याच्या शेडमध्ये उघडी पडली होती. ग्रिल एका हॉटेलवाल्याने भिंतीवर लावायला नेली, बंपर, रिंगा, हबकॅप, मीटर ऑनलाइन विकले गेले, रेडिएटर तांब्या-पितळेचा म्हणून थेट भंगाराच्या काट्यावर गेला. पुढची दोन्ही दारं भंगारवाला घेऊन गेला होता, मागची दोन भिंतीला टेकवून ठेवलेली. मी त्यांचा पत्रा बाजूला केला तर आत काचेची मशीन जशीच्या तशी, दात शाबूत, वरचं ग्रीससुद्धा ओलं. थोडे स्क्रू काढायचे की हातात येते. मी विचारलं ही का नाही काढलीस, तर म्हणे कोण घेतंय, जागा अडते. माझ्या स्वतःच्या गाडीची ड्रायव्हर साइडची काच तेव्हा लाकडाची पाचर मारून वर ठेवलेली होती, कारण मशीनचे दात गेलेले आणि बाजारात जी मिळत होती ती घासलेली. मागच्या दारांच्या मशीन मी काढून आणल्या, पण त्या पुढे बसत नाहीत आणि मला हवी होती ती दारासकट वितळायला गेली.

तो प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला हेच म्हणतो की मी फोडतो म्हणून तुम्हाला पार्ट मिळतात, आणि अख्ख्या गाडीला येतात त्याच्या दुप्पट पैसे सुट्या पार्टला येतात. दुसरं खरं आहे, पहिलं साफ खोटं. त्याने फोडलेल्या गाडीतून बाजारात काय आलं? जे भिंतीवर शोभतं तेवढंच. जे गाडीला लागतं ते किलोवर गेलं. म्हणजे ग्रिलचा भाव हॉटेलवाला ठरवतो आणि काचेच्या मशीनचा भाव तुटवडा ठरवतो, आणि दोन्हीकडून पैसे मोजतो तो गाडी चालवणारा. चालती गाडी फोडणं हा धंदा नाही, नासधूस आहे, मी त्याच्या तोंडावर सांगितलंय.

म्हणून तुम्ही विकाल तेव्हा "सगळा लॉट एकदम उचलतो" म्हणणाऱ्याला देऊ नका. तो चमकणारं ठेवून बाकीचं काट्यावर घालणार. घेणाऱ्याकडून त्याच्या गाडीचा चालू व्हिडिओ मागा, खरा पद्मिनीवाला लगेच पाठवतो, उलट खूश होतो. दोन पैसे कमी आले तरी त्यालाच द्या. आणि तुम्हाला स्वतःला काही घ्यायचं असेल तर फक्त पद्मिनी म्हणून शोधू नका, डिलाइट आणि प्रेसिडेंट मूळ तीच गाडी आहे, बरंच सामान बसतं. ऑनलाइन नुसत्या फोटोवर ॲडव्हान्स पाठवू नका, व्हिडिओ कॉलवर पार्ट फिरवून दाखवायला सांगा.

आता हेही सांगतो की शॅसी कुजलेली, चिखलात रुतलेली गाडी फोडायला माझी ना नाही, फक्त सगळं काढा. तुमच्या डब्यात जुनं रबर असेल, बिडिंग, होज, ब्रेकचे वायसर, तर त्याला ओरिजिनल म्हणून जपू नका, पडून पडून कडक झालेलं असतं, ब्रेकला तर अजिबात लावू नका. पार्टवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झाला, पण जुन्या मालाला मुळात बिलच नसतं, त्यामुळे त्याचा फायदा फक्त नवीन बनवलेल्या किटला.

आणि तुमची गाडी ७८ ची आहे म्हणताय तर २०२८ ला तिला ५० वर्षं होतील, मग व्हिंटेजमध्ये नोंदवता येईल. त्यात नोंदवली की रोजच्या वापराला काढता येत नाही, आणि शॅसी, बॉडी, इंजिनात मोठा बदल केला असेल तर नोंदणीच होत नाही. त्यामुळे पार्ट महाग म्हणून मेकॅनिक दुसऱ्या गाडीचं इंजिन टाकू म्हणाला तर ऐकू नका, हेच १०८९ सीसीचं बोअर करून (सिलेंडर आतून कापून नीट करून) घ्या, चांगला लेथवाला अजून करून देतो.