घरातच वाढलेल्या मांजरीला सुरक्षितपणे बाहेर कसं सोडता येईल?

तुम्ही लिहिलंय की मांजरी दीड वर्षाची आहे, फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे, ती खिडकीशी बसून ओरडते, पट्टा बांधून खाली न्यावं का ते कळत नाही, आणि घरचे म्हणतात, ‘सोड गं, मांजर आहे, पडली तरी पायांवरच पडेल.’ हे शेवटचं वाक्य वाचलं आणि राहवेना, म्हणून लिहितेय.

आधी सरळ सांगते. खिडकी उघडी टाकून सोडू नका. जिन्यातून खाली तर नाहीच नाही. बाल्कनी असेल तर तिला जमिनीपासून स्लॅबपर्यंत पक्की जाळी मारा आणि ती जागा मांजरीच्या नावावर करून टाका. लसी आणि नसबंदी झाली आहे असं धरून चालते. नसबंदी झाली नसेल तर पुढचं वाचण्याआधी डॉक्टरांकडे जा, कारण माजावर आलेली मांजरीही खिडकीशी बसून अशीच ओरडते. तिला बाल्कनी करून दिली तरी ती ओरडतच राहील.

आता ‘पायांवर पडेल’बद्दल. आम्ही ठाण्यात चौथ्या मजल्यावर राहतो. आमची मांजर टिकली पांढरी शुभ्र आहे, कपाळावर तेवढा काळा ठिपका. बेडरूमच्या सरकत्या खिडकीला डासांची जाळी आहे आणि ती जाळी बाजूला करायची नाही, हा घरातला नियम सगळ्यांना माहीत होता. मे महिन्यात एका लग्नासाठी माझे दीर गावाहून आले होते. त्यांनाही हे सांगितलं होतं. पहाटे उकडायला लागलं म्हणून त्यांनी जाळी सरकवली. टिकली खिडकीच्या कट्ट्यावर येऊन बसली, त्यांनी तिला पाहिलं आणि बसू दिलं. ‘घेऊ दे की जरा वारा,’ असं त्यांनी नंतर मला स्वतःच सांगितलं. एसीच्या बाहेरच्या युनिटवर कबुतर होतं. पुढचं वेगळं सांगायला नको.

वॉचमनने बेल वाजवली तेव्हा आम्हाला कळलं. ती पार्किंगमध्ये एका गाडीखाली शिरली होती. तोंडातून रक्त येत होतं आणि तोंड उघडून धापा टाकत होती. (हे लक्षात ठेवा: कुत्रं तोंड उघडून धापा टाकतं ते रोजचं असतं, पण मांजर पडल्यावर तसं करायला लागलं तर एक मिनिटही थांबायचं नाही.) डॉक्टरांनी आधी ऑक्सिजनवर ठेवलं. एक्सरेत दिसलं की छातीत फुप्फुसाबाहेर हवा साठली आहे. ती सुईने काढली. खालचा जबडा हनुवटीशी मधोमध दुभंगला होता आणि टाळूला चीर गेली होती. श्वास सुधारल्यावर मग भूल देऊन जबडा तारेने बांधला. तोंडाने खाता येईना म्हणून मानेतून नळी घातली आणि त्या नळीतून सिरिंजने पातळ खाणं भरवणं हे माझं काम झालं. पाय मात्र चारही शाबूत होते. पडली पायांवरच होती ना!

गोष्ट तिथेच आहे. मांजर हवेत अंग वळवून पाय खाली आणतं हे खरंच आहे. फ्रान्सचे शरीरशास्त्रज्ञ एतियेन-ज्यूल मारे यांनी १८९४ साली त्याचे ओळीने फोटो काढून ते दाखवलं. पण चौथ्या मजल्यावरून येणारा वेग चार नाजूक पाय झेलू शकत नाहीत. पाय दुमडतात, छाती आणि हनुवटी फरशीवर आपटते. म्हणून उंचावरून पडलेल्या मांजरांत फाटलेली टाळू, दुभंगलेला जबडा आणि छातीचा मार एकत्र दिसतात. टिकलीच्या डॉक्टरांना एक्सरे काढायच्या आधीच काय दिसणार याचा अंदाज होता.

आणि मग दिरांचा फोन आला. ‘बघा वहिनी, वाचलीच की नाही? मांजर आहे ते, तुम्ही उगाच जीव काढता.’ त्यांनी सोबत एक फॉरवर्डही पाठवला, की न्यू यॉर्कमध्ये उंच इमारतींवरून पडलेली नव्वद टक्के मांजरं जगली. तो अभ्यास खरा आहे. १९८७ साली प्रसिद्ध झाला, तिथल्या एका जनावरांच्या हॉस्पिटलात आणलेली १३२ मांजरं त्यात होती, आणि उपचार मिळालेल्यांपैकी नव्वद टक्के जगली. पण जी मांजरं जागीच गेली त्यांना हॉस्पिटलात कोण आणणार? ती मोजणीत आलीच नाहीत. शिवाय ‘जगली’ म्हणजे उपचार करून जगली. क्रोएशियातल्या झाग्रेब शहरातल्या ११९ मांजरांचा २००४ सालचा अभ्यासही आहे. त्यात तर ९६.५ टक्के जगली, पण सातव्या मजल्यापासून वरून पडलेल्यांना छातीच्या इजा जास्त होत्या, आणि निम्म्याहून जास्त मांजरं वर्षाच्या आतली होती. म्हणजे पक्षी दिसला की झेपावणारी तरणी मांजरं. तुमची दीड वर्षाची आहे.

टिकली बरी झाल्यावर मी बाल्कनीचं काम काढलं. कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी कबुतरांपुरती ठीक आहे. मांजर ती दातांनी कुरतडतं, उन्हाने तिचा दोरा ठिसूळ होतो, आणि ती नुसती हुकांवर ताणलेली असल्याने खालच्या कोपऱ्यात सैल पडते. स्टीलच्या तारांचं इनव्हिजिबल ग्रिल दिसायला सुरेख, पण तारांमध्ये दोनेक इंचांची फट असते. पिल्लू असेल तर अजिबात नको. मी फॅब्रिकेशनवाल्याकडून चौकोनी पाइपची चौकट करून घेतली आणि तिच्यावर एक इंची चौकोनांची जीआय वेल्डमेश, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या तारांची वेल्डिंग केलेली जाळी, बसवली. चौकट रेलिंगला बांधली नाही, भिंतीत आणि स्लॅबमध्ये फास्टनर ठोकून बसवली. मांजर जाळीवर चढतं, सगळं वजन टाकून लटकतं, ते पेलायला हवं. वर अर्धा फूट ‘हवेसाठी’ मोकळा ठेवू का असं कारागीर विचारेल. नको म्हणा. पाण्याच्या निचऱ्याचं भोक आणि एसीचे पाइप जातात ती फट हमखास राहून जाते, ती काम चालू असतानाच बुजवून घ्या.

आत तीन वेगवेगळ्या उंचींवर फळ्या, एका खांबाला काथ्याची दोरी घट्ट गुंडाळलेली, म्हणजे नख्या तिथे चालतात. एका कुंडीत गहू पेरते, गव्हांकुर बोटभर झाले की टिकली ते चरते. कुठे खोकली या रानटी तणाचं रोप दिसलं तर मुळासकट आणून टाका, बरीच मांजरं त्या मुळांवर लोळतात. पाऊस पडत असताना मधल्या फळीवर बसून ती खालची चिखलातली वाहतूक बघते. कान सतत वळत असतात. बाहेर जायचं म्हणून ओरडणं तिने पुन्हा केलं नाही.

सोसायटीने पत्र दिलं, की इमारतीचं दर्शनी रूप बिघडतं. इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. पाळीव प्राणी ठेवू नका असं सोसायटी बहुमताने ठरवलं तरी म्हणू शकत नाही, भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत ते स्पष्ट आहे. पण म्हणून बाहेरच्या बाजूला वाटेल ते लावता येतं असा त्याचा अर्थ होत नाही. माझी चौकट रेलिंगच्या आतल्या अंगाला आहे आणि भिंतीच्याच रंगाची आहे. ते कमिटीला घरी बोलावून दाखवलं, विषय मिटला.

दिरांचा मिटला नाही. पुढच्या भेटीत त्यांनी त्या जाळीच्या बाल्कनीला तुरुंग म्हटलं, तेही सगळ्या पाहुण्यांसमोर. ‘गावाला आपली मांजरं कशी मोकळी फिरायची. अंगावर ऊन नको का त्यांच्या?’ उन्हाचं आधी सांगते. आपल्यासारखं मांजराच्या कातडीत उन्हाने ड जीवनसत्त्व जवळजवळ तयार होत नाही, त्याला ते खाण्यातूनच मिळावं लागतं. उलट टिकलीसारख्या पांढऱ्या कानांच्या मांजरांना वर्षानुवर्षं कडक ऊन लागलं तर कानांच्या कडांना कॅन्सर होऊ शकतो. ऊब म्हणून त्यांना कोवळं ऊन आवडतं, ते जाळीतूनही येतं. आणि गावच्या मांजरांचं म्हणाल तर मी त्याच घरात सून म्हणून बरीच वर्षं राहिले आहे. तिथलं एकही मांजर म्हातारं होऊन मेलेलं मी पाहिलेलं नाही. कुणाला कुत्र्यांनी फाडलं, कुणी विष खाल्लेला उंदीर खाल्ला, एक एसटीखाली गेलं, दोन पिल्लं नुसती दिसेनाशी झाली. दर पावसाळ्याला नवं मांजर येतं, म्हणून वाटतं की मांजर आहेच. भावोजींना मी हेच विचारलं, की तुमच्या लहानपणीच्या एका तरी मांजराचं शेवटी काय झालं ते सांगा. त्यांना आठवेना.

पट्ट्याबद्दल थोडक्यात. गळ्यातला पट्टा नको, अंगात जॅकेटसारखा बसतो तो हार्नेस घ्या, कारण घाबरलेलं मांजर मागे सरकत साध्या पट्ट्यातून सुटतं. आधी बरेच दिवस घरातच घाला. खाली न्यायचंच असेल तर पिंजरा बरोबर असू द्या, आणि भटकी कुत्री असलेल्या आवारात नेऊच नका. मला विचाराल तर जाळीची बाल्कनी असताना याची गरज नाही.

काही गोष्टी राहिल्या. चौकटीला आतून उघडणारं एक दार ठेवा आणि त्याची किल्ली जवळच अडकवा, आग लागली तर माणसांना तिथून बाहेर पडता आलं पाहिजे. बाल्कनीत लिली आणि सायकस ठेवू नका. लिलीचे परागकण अंगावरून चाटले गेले तरी मांजराची किडनी निकामी होते. बाहेरची हवा म्हणजे पिसवा आल्याच, पण कुत्र्यांचं परमेथ्रिन हे कीटकनाशक असलेलं औषध चुकूनही लावू नका, मांजराला ते विष आहे. एप्रिल-मेमध्ये दुपारी बाल्कनीचं दार बंद ठेवा. बाल्कनीच नसेल तर एका खिडकीला हीच वेल्डमेश मारून आत रुंद फळी बसवा, त्यानेही बरंच भागतं.

आणि बाकीच्या खिडक्यांच्या डासांच्या जाळ्यांना छोटं कुलूप बसवून घ्या. पाहुण्यांना नियम सांगून भागत नाही.