खाऱ्या वाऱ्यातली एमजीबी जीटी : वाचकांचे प्रश्न

जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्‌स कूपेंबद्दल, म्हणजे दोन दारांच्या छप्परवाल्या गाड्यांबद्दल, आलेली बहुतेक पत्रं एमजीबी जीटीविषयी आहेत, म्हणून या वेळचं सदर तिच्यापुरतंच.

प्रश्न : मुंबईत १९६९ सालची एमजीबी जीटी विकायला आहे. इंजिनाचा आवाज छान आहे, रंग नवाकोरा आहे. गाडी दापोलीला, समुद्रापासून जवळच राहणार. घेण्याआधी काय बघू?

नवाकोरा रंग बघून आधी सावध व्हा. या गाडीला वेगळी चासी नाही. पत्र्याची बॉडीच सगळा भार पेलते आणि त्यातला मोठा भार दाराखालच्या दोन सिलवर असतो. सिल म्हणजे एकच पत्रा नव्हे. बाहेरचा पत्रा, आतला पत्रा, दोघांमधला उभा पडदा आणि तळाची पट्टी मिळून ती पेटी तयार होते. बाहेरून गुळगुळीत दिसणाऱ्या सिलमधला पडदा पार भुगा झालेला असू शकतो. पाणी शिरतं ते पुढच्या चाकामागून. तिथल्या आडव्या पत्र्याच्या कडेची रबरी पट्टी वाळली की चाकाने उडवलेला चिखल थेट सिलच्या तोंडाशी जाऊन बसतो.

लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळून सिलवरून, मागच्या चाकाच्या पुढच्या कोपऱ्यावरून आणि पुढच्या मडगार्डच्या खालच्या टोकावरून फिरवा. जिथे तो पकडत नाही तिथे पुट्टी आहे. मग गाडीखाली आडवे होऊन सिलच्या तळाची पाणी निघायची भोकं शोधा. ती दिसलीच नाहीत, किंवा सिलचा पत्रा मडगार्डच्या कडेशी येऊन संपत असेल, तर जुन्या कुजक्या सिलवर नवा पत्रा चढवून दिला आहे असं समजा. मूळ सिल मडगार्डच्या आत पुढेपर्यंत जाते. ती नीट बदलायची तर मडगार्डचा खालचा भाग कापावाच लागतो, आणि स्वस्तातलं काम करणारा नेमकं तेच टाळतो.

नंतर मालकाची परवानगी घेऊन गाडी सिलच्या जॅकिंग पॉइंटवर उचला आणि दार उघडून मिटून बघा. दार अडलं किंवा वरची फट बदलली तर गाडी मधून वाकते आहे. जीटीला छप्पर असल्यामुळे ही खूण रोडस्टरइतकी, म्हणजे बिनछपराच्या एमजीबीइतकी, स्पष्ट दिसत नाही. म्हणून फट थोडीशी जरी बदलली तरी ती गंभीर धरा. जॅकखाली पत्रा करकरला तर तिथेच थांबा.

आणखी तीन जागा आहेत. सीटच्या मागे, फरशीखाली दोन सहा व्होल्टच्या बॅटऱ्यांच्या पेट्या असतात. आम्ल आणि रस्त्यावरचं पाणी दोन्ही तिथे पोचतं, म्हणून त्या हमखास गंजतात. त्यांच्याजवळच मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे हँगर बसतात, तिथला पत्रा स्क्रू-ड्रायव्हरने दाबून बघा. तिसरी जागा म्हणजे पेट्रोलची टाकी. टाकी आणि डिकीच्या फरशीमध्ये चिखल साचतो आणि टाकी वरून सडते. अर्ध्या टाकीवर काहीच कळत नाही, पूर्ण भरली की वास सुटतो. त्यामुळे बघायला जाताना टाकी भरून ठेवायला सांगा.

इंजिनाबद्दल थोडक्यात. १७९८ सीसीचं, पाच मेन बेअरिंगचं हे इंजिन दणकट आहे आणि चांगला लेथवाला ते पुन्हा उभं करू शकतो. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर रस्त्यावर ऑइल प्रेशर ५० ते ८० आणि आयडलला १० ते २५ पीएसआय असावं. पुढचं चाक उचलून वर-खाली हलवा. खेळ जाणवला तर कुणाला तरी ब्रेक दाबायला लावा. ब्रेक दाबूनही खेळ राहिला तर किंगपिन, म्हणजे ज्यांवर पुढची चाकं वळतात त्या खुंट्या, झिजले आहेत, म्हणजे कुणी वेळेवर ग्रीस भरलेलं नाही. तरीही आमचं मत ठाम आहे : इंजिन खराब आणि पत्रा शाबूत अशी गाडी घ्या, उलट असेल तर घेऊ नका.

प्रश्न : गाडीचे कागद नीट आहेत हे कसं ओळखायचं? आणि व्हीए नंबर घ्यावा का? (रत्नागिरी)

चासी नंबरची सुरुवात बघा. जीटीचा नंबर ‘जीएचडी’ने सुरू होतो, रोडस्टरचा ‘जीएचएन’ने. पुढचा आकडा ३ असेल तर गाडी पहिल्या पिढीची. ४ आणि ५ त्यानंतरच्या. आरसीवर जीएचएन आणि समोर जीटी उभी असेल तर कागद दुसऱ्याच गाडीचे आहेत. प्लेट नुसत्या स्क्रूची असते, ती हलवता येते, म्हणून इंजिन नंबरही जुळवा. इंग्लंडमध्ये गेडन इथल्या ब्रिटिश मोटर इंडस्ट्री हेरिटेज ट्रस्टकडे कारखान्याच्या नोंदी आहेत. तिथून प्रमाणपत्र मागवलं की मूळ रंग, बनवल्याची तारीख आणि इंजिन नंबर कळतो. गाडी परदेशातून आलेली असेल तर कस्टम्सचे कागद मालकाच्या हातात असायलाच हवेत. ‘नंतर देतो’ हे उत्तर मान्य करू नका.

व्हीए ही जुन्या, विंटेज गाड्यांसाठीची वेगळी नंबर मालिका. ती २०२१ च्या नियमांनी आली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असलेली गाडी त्यात बसते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं आणि पुनर्नोंदणी ५,००० रुपयांत. मात्र अशी गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. रविवारी सहज गणपतीपुळ्याला जाऊन यायचं असेल, तर आधीची नेहमीची नोंदणी फिटनेस करून पाच-पाच वर्षांनी वाढवत राहणं जास्त सोयीचं.

प्रश्न : जून ते सप्टेंबर गाडी कशी ठेवावी? गॅरेज जांभ्याचं आहे, वर कौलं आहेत. (मालवण)

तयारी मे महिन्यातच करा. गाडीचा तळ गोड्या पाण्याने धुवा, विशेषतः चाकांच्या कमानींच्या वरच्या खोबणी. तिथे लाल माती आणि मीठ एकत्र बसलेलं असतं आणि ते मिश्रण हवेतला दमटपणा धरून ठेवतं. नंतर दोन-तीन दिवस कडक उन्हात दारं उघडी ठेवून वाळवा. सिलची भोकं तारेने मोकळी करा आणि लांब नळीच्या फवाऱ्याने आत पातळ मेण मारा, भोकांतून ठिबकायला लागेपर्यंत. जुनं डांबरी अंडरसील भेगाळलं असेल तर खरवडून काढा. भेगेतून गेलेलं पाणी त्याच्यामागे अडकतं आणि पत्रा आतून सडतो. भेगाळलेल्या डांबरापेक्षा उघडा, रंगवलेला पत्रा बरा.

आणखी एक जागा सहसा कुणी बघत नाही. काचेपुढच्या जाळीतून आत गेलेलं पाणी एका रबरी नळीने खाली, गिअरबॉक्सच्या बोगद्यापाशी सोडलेलं असतं. गाडी आंब्याखाली उभी राहत असेल तर मोहोर आणि पाचोळा या नळीत घट्ट बसतो. मग पाणी हीटरच्या पेटीतून पायाशी उतरतं आणि गालिच्याखालची फरशी कुजते. जाळीत तांब्याभर पाणी ओता. ते गाडीखाली लगेच पडलं पाहिजे.

जांभा पाणी शोषतो आणि जमिनीतला ओलावा वर ओढतो, म्हणून गाडीखाली जाड प्लास्टिकचा कागद अंथरा. गाडीवर मात्र प्लास्टिक नको, ताडपत्री तर मुळीच नको. खाली अडकलेली वाफ रंगाला फोड आणते. सुती कापडाचं आवरण घाला आणि एक पंखा मंद चालू ठेवा. हँडब्रेक ओढून ठेवू नका, नाहीतर लायनर ड्रमला चिकटतात. चाकांना लाकडी ठोकळे लावा. टाकी गळ्याच्या थोडं खालपर्यंत भरा. रिकामी जागा जितकी कमी तितकी दमट हवा कमी. पेट्रोल पंपाची वायर काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवलं की कार्ब्युरेटरच्या वाट्या रिकाम्या होतात.

दर चार दिवसांनी दोन मिनिटं इंजिन चालू करायची सवय मोडा. तेवढ्यात इंजिन तापत नाही आणि ज्वलनातलं पाणी ऑइलमध्ये उतरतं. पंधरा दिवसांनी एकदा, पण वीस मिनिटं पूर्ण तापवून चालवा. गाडी दोन हात पुढे-मागे करा, क्लच-ब्रेक दाबा. हे जमणार नसेल तर बंदच राहू द्या. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे कोकणात ते दर वर्षी बदला, डॉट ४ प्रतीचं घाला.

प्रश्न : कुंभार्ली घाटात तापमानाची सुई लाल रेषेकडे जाते, आणि थांबून पुन्हा सुरू करायला गेलं की गाडी सुरूच होत नाही. मेकॅनिकने थर्मोस्टॅट काढून टाकला, तरी फरक नाही. (चिपळूण)

थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापलं की पाण्याची वाट उघडणारी झडप, परत बसवा, ७४ अंशांचा. तो नसला की पाण्याचा मार्ग बिघडतो आणि इंजिनाच्या हेडचा मागचा भाग गरमच राहतो. मग रेडिएटर काढून उलट्या दिशेने धुऊन घ्या, आणि ब्लॉकच्या मागच्या बाजूला साचलेला गाळही काढा. रेडिएटर नवा घालूनही गाडी तापते, तेव्हा कारण बहुधा हा गाळच असतो.

दुसरं कारण पेट्रोलमध्ये आहे. आता मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असल्यामुळे जुन्या सेटिंगवर मिश्रण पातळ (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) पडतं, आणि पातळ मिश्रणावर चढात इंजिन तापतं. या गाडीच्या एसयू एचएस-४ कार्ब्युरेटरच्या तळाचा षटकोनी नट खाली फिरवला की मिश्रण जाड होतं. इंजिन गरम असताना दोन्ही कार्ब्युरेटरवर नट एका वेळी त्याच्या एकाच बाजूएवढा, म्हणजे सहावा हिस्सा फेरा, फिरवा, मग कार्ब्युरेटरमधला पिस्टन जेमतेम एक मिलिमीटर उचला. आरपीएम वाढून तसेच राहिले तर मिश्रण जाड, पडले तर पातळ, आणि क्षणभर वाढून पुन्हा जागेवर आले तर बरोबर. चढात तरीही ओढ कमी वाटली तर कार्ब्युरेटरमध्ये जास्त जाड मिश्रणाची सुई घालावी लागेल, नुसत्या नटाने भागणार नाही.

गरम इंजिन पुन्हा सुरू होत नाही, कारण या इंजिनात कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला आहेत. गाडी थांबली की वाटीतलं पेट्रोल उकळतं. मधला उष्णतारोधक पत्रा आणि त्याचं अस्तर जागेवर आहे का बघा. शिवाय पेट्रोलचे जुने रबरी पाइप इथेनॉलने आतून सुटतात. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचे सगळे बदला. नवे घेताना त्यांवर ‘आर ९’ ही पाइपच्या प्रतीची खूण छापलेली असावी.

हेडचं काम निघालंच तर एक्झॉस्टला कडक व्हॉल्व्ह सीट बसवून घ्या. शिसं असलेलं पेट्रोल भारतात २००० साली बंद झालं, आणि त्याशिवाय मूळ बीडाची सीट झिजत जाते. टॅपेटची (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या दांड्यामधली) फट पुन्हा पुन्हा कमी होत असेल तर झीज सुरू झाली आहे. ही फट थंड इंजिनावर ०.३८ मिलिमीटर हवी.

प्रश्न : दिवे मंद लागतात, इंडिकेटर लावला की ब्रेकचा दिवाही लुकलुकतो. वायरिंग नवं करू का? (वेंगुर्ला)

नको. हे अर्थिंगचं दुखणं आहे. मागच्या दिव्याला परतीची वाट मिळाली नाही की वीज शेजारच्या बल्बमधून वाट काढते. काळ्या वायरी अर्थच्या. त्या जिथे बॉडीला बसतात तिथे पत्रा चकाकेपर्यंत घासा, घट्ट करा आणि वर व्हॅसलिन लावा. वायरी जोडणाऱ्या गोल नळ्या खाऱ्या हवेत हिरव्या पडतात. त्या फार महाग नाहीत, सरळ नव्या घाला. सेल्फ मारताना बॅटरीचं निगेटिव्ह टोक आणि इंजिन यांच्यामध्ये मीटरवर अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसलं तर इंजिनाची अर्थ पट्टीही बदला. १९६७ च्या अखेरीपूर्वीच्या गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ असतो, तिथे मीटरची टोकं उलटी लावा. अशा गाडीत नेहमीचा रेडिओ परस्पर जोडू नका, जळेल.

प्रश्न : गिअरबॉक्समध्ये कोणतं ऑइल? आणि बोल्टची तोंडं गोल होतात, ते का? (देवगड)

इंजिनातलंच, २० डब्ल्यू ५०. ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिनाचे फेरे कमी करणारा जादा गिअर) असेल तर तोही त्याच ऑइलवर चालतो, त्यात घट्ट गिअर ऑइल घातलं तर तो पकडत नाही. बोल्ट गोल होतात कारण ते इंचाचे आहेत. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, आणि आपला मेकॅनिक १३ चा पाना लावतो. ७/१६, १/२ आणि ९/१६ हे तीन पाने स्वतःचे घेऊन गाडीतच ठेवा, आणि गाडी कुठेही दुरुस्तीला दिली तर किल्लीबरोबर तेही द्या.