मेक, डू, टेक, हॅव: कुठल्या शब्दाला कुठलं लावायचं?

तुम्ही विचारलंय की मराठी मीडियममधून बी.कॉम झालंय, टेन्स-बिन्स सगळं पाठ आहे, पण इंग्लिश बोलायला तोंड उघडलं की ‘डू अ मिस्टेक’ का ‘मेक अ मिस्टेक’ इथंच गाडी अडकते, आणि पुढच्या सोमवारी इंटरव्ह्यू आहे, तर याला काही नियम आहे काय. नियम आहे, अर्धामुर्धा. तो सांगतोच, त्याआधी थोडं माझं ऐका.

मी बेळगावात उद्यमबागला एका फाउंड्रीच्या ऑफिसात बसतो, बाहेरदेशच्या कस्टमरना मेल लिहायचं काम. शाळा माझीपण मराठी मीडियमच, एसएसएलसीपर्यंत, म्हणजे दहावीपर्यंत. लागल्या लागल्या एका कस्टमरला मी ‘वी डिड अ मिस्टेक इन द ड्रॉइंग’ असं लिहिलेलं, म्हणजे ड्रॉइंगमध्ये चूक आमची होतीच, वर ती कबूल करताना आणि एक चूक. मेल जायच्या आधी साहेबांनी ‘डिड’ खोडून ‘मेड’ केलं. का म्हणून विचारलं तर म्हणाले, तसंच असतंय. तेव्हा डोकं सटकलेलं, हे काय उत्तर झालं म्हणून. आता इतक्या वर्षांनी मला पण त्याच्यापेक्षा लई चांगलं उत्तर सापडलेलं नाही.

कारण आपण मराठीत काय करतो बघा की. फोटो काढतो, पंक्चर काढतो, कर्ज काढतो, भांडण काढतो, जेवल्यावर झोप काढतो, आणि आमच्या घरात तर दार उघड म्हणायलापण दार ‘काढ’ म्हणतात, वहिनी पुण्याची, लग्न होऊन आली तेव्हा तिला वाटलं बिजागऱ्यासकट काढायचंय काय. गप्पा मारतो, हाक मारतो, उडी मारतो, आणि कुणालाच लागत नाही. उद्या एखादा इंग्रज येऊन विचारला की ‘काढणे’चा नियम सांगा तर तुम्ही काय सांगणार? तुम्ही लहानपणी ‘भांडण’ शब्द ऐकला तो ‘काढणे’च्या सोबतच ऐकला, वेगळा पाठ केलाच नाही. इंग्लिश आपण उलटं शिकलो, मेक म्हणजे बनवणे, डू म्हणजे करणे, टेक म्हणजे घेणे, असे सुटे सुटे अर्थ वहीत लिहून. तिथंच घोळ झालाय.

अशा जोड्यांना कोलोकेशन म्हणतात. १९५० च्या दशकात फर्थ नावाच्या ब्रिटिश भाषातज्ज्ञानं हा शब्द भाषाशास्त्रात रुजवला, शब्दाची ओळख त्याच्या संगतीवरनं होते हे त्याचं म्हणणं. गंमत म्हणजे हा माणूस त्याआधी लाहोरला पंजाब युनिव्हर्सिटीत इंग्लिशचा प्रोफेसर होता. आणि ‘हॅव अ लुक’, ‘टेक अ वॉक’ यातल्या हॅव-टेकना येस्पर्सन नावाच्या डॅनिश पंडितानं ‘लाइट’ व्हर्ब म्हटलंय, म्हणजे वजन नसलेलं क्रियापद. आमच्या भाषेत सांगायचं तर कास्टिंगचं, म्हणजे ओतलेल्या धातूच्या भागाचं, सगळं वजन नामात, क्रियापद नुसतं धरायला हँडल. म्हणून हँडलचा अर्थ शोधत बसू नका, कुठल्या नामाला कुठलं हँडल बसतंय तेवढं बघा.

आता तो अर्धा नियम. काम, ड्युटी, रोजची कटकट असली की डू, म्हणजे डू द होमवर्क, डू द डिशेस, डू द शॉपिंग. आणि शेवटी काहीतरी नवीन तयार झालं, जे आधी नव्हतं, तर मेक: मेक टी, मेक अ नॉइज, मेक अ प्लॅन, मेक अ प्रॉमिस, आणि हो, मेक अ मिस्टेक, कारण चूक आधी नव्हती, तुम्ही तयार केलीत. एवढं लक्षात ठेवलं तर बरंच काम भागतंय. खरं मग ‘डू अ फेवर’ येतं, ‘मेक द बेड’ येतं (मला कितीतरी वर्षं वाटायचं हे सुताराचं काम, ते नुसतं अंथरूण नीट करणं आहे), आणि नियम गप्प बसतो.

हॅव आणि टेकमध्ये तर इंग्रजांचंच एकमत नाही. ब्रिटिश माणूस ‘हॅव अ बाथ’ म्हणतो, अमेरिकन ‘टेक अ बाथ’. निर्णयाला दोघंही जास्त करून मेक लावतात, खरं ब्रिटनमध्ये ‘टेक अ डिसिजन’पण चालतं, त्यामुळं आपल्या ‘निर्णय घेणे’वरनं तुम्ही टेक म्हणालात तर कोणी फाशी देत नाही. कमिट मात्र जपून वापरा. आम्हाला शाळेत ‘कमिट अ मिस्टेक’ शिकवलेलं, खरं कमिटची रोजची संगत क्राइम आणि मर्डरशी, स्पेलिंग चुकल्यावर तो शब्द लई जड होतोय.

आपल्याकडं खरा घोटाळा होतो तो आपली क्रियापदं तशीच उचलून नेल्यामुळं. लक्ष आपण देतो, म्हणून ‘गिव्ह अटेन्शन’ तोंडात येतं, तिथं ‘पे अटेन्शन’ लागतं. भेटपण आपण देतो, तिथंपण ‘पे अ व्हिजिट’, जसं काय सगळीकडं पैसेच भरायचे. परीक्षेचं तर बेळगावात वेगळंच आहे. मराठीवाला परीक्षा देतो म्हणून ‘आय गेव्ह द एक्झाम’ म्हणतो, कन्नडवाला परीक्षा ‘बरेयतो’ म्हणजे लिहितो, म्हणून शेजारच्या बाकावरचा ‘आय रोट द एक्झाम’ म्हणतो, आणि दोघं एकमेकाला हसतात. इंग्लंडात परीक्षा ‘टेक’ करतात नाहीतर ‘सिट’ करतात, म्हणजे नुसतं बसतात, जे आपण ‘परीक्षेला बसलो’ म्हणतोच की! आणि कन्नडवाल्याला लई हसू नका, कॅनडात आणि दक्षिण आफ्रिकेत ‘राइट अ‍ॅन एक्झाम’ सर्रास म्हणतात.

एक सांगतो, सीमाभागातल्या पोराला हे जमायला सोपं जायला पाहिजे. आपण मराठीत आंघोळ करतो, कन्नडात जळक माडतो, तिथं दोन्हीकडं ‘करणे’च. मराठीत फोन लाव, कन्नडात फोन हच्चु, तेपण जुळलं. परीक्षेला मात्र जुळलं नाही, आणि आपण ते न अडखळता बदलतो, कारण कन्नड आपण बसस्टँडवर, बाजारात ऐकून शिकलो, शब्दार्थ पाठ करून नाही.

सगळंच वेगळं आहे असंपण नाही. वचन मोडणे ब्रेक अ प्रॉमिस, कायदा मोडणे ब्रेक द लॉ, रेकॉर्ड मोडणे ब्रेक अ रेकॉर्ड, शपथ घेणे टेक अ‍ॅन ओथ, सूड घेणे टेक रिव्हेंज, वेळ वाचवणे सेव्ह टाइम. हे फुकटात मिळालेलं समजा. फक्त वचन पाळायला ‘कीप’ लागतं. ऑफिसात लागणारी थोडी: ऑर्डर ‘प्लेस’ करतात, डेडलाइन ‘मीट’ करतात, मीटिंग ‘हॅव’ किंवा ‘होल्ड’ करतात, तक्रार ‘मेक’ किंवा ‘फाइल’.

आणि लाज वाटून घेऊ नका. आमच्याकडं एक जर्मन कस्टमर आलता, मशिनिंग शॉपमध्ये फिरता फिरता मोबाइल काढून म्हणाला ‘कॅन आय मेक अ फोटो’. मी मनात म्हटलं टेक, टेक! नंतर कळलं की जर्मनमध्ये फोटो ‘माखेन’ करतात, म्हणजे मेक. एवढ्या मोठ्या कंपनीचा माणूस, बिनधास्त बोलायलाय, आणि आम्ही इथं ‘डिड’वरनं झोप घालवून बसलेलो.

शिकायचं कसं, तर क्रियापदाची यादी करू नका, नामाची करा. वहीत ‘डिसिजन’ लिहा आणि बाजूला मेक, ‘अटेन्शन’ लिहा आणि बाजूला पे. नेटवर कोलोकेशनच्या फुकट डिक्शनऱ्या आहेत, त्यात नाम टाकलं की सोबतची क्रियापदं समोर येतात. मी अजून मेल पाठवायच्या आधी बघतो. दिवसाला पाच जोड्या, त्यापण तुमच्या स्वतःच्या वाक्यात, जास्त करायला गेलात तर सगळ्याची भेळ होते.

सोमवारपुरतं एकच लक्षात ठेवा. आपण इंटरव्ह्यू ‘देतो’, म्हणून ‘आय गेव्ह अ‍ॅन इंटरव्ह्यू’ पटकन निघून जातं. इंग्लिशमध्ये इंटरव्ह्यू ‘गिव्ह’ करतात ते मंत्री आणि क्रिकेटर, पेपरवाल्यांना. नोकरी मागणारा ‘हॅव’ करतो. तेव्हा घरात आईला ‘इंटरव्ह्यू द्यायला चालले’ म्हणूनच निघा, खरं गेटवर विचारलं तर ‘आय हॅव अ‍ॅन इंटरव्ह्यू अ‍ॅट टेन’ म्हणा.